पाहिलं, वाटलं की ऐकलं? नेमकं कसं सांगाल

‘मी असं म्हणालोच नव्हतो,’ ही तक्रार पोलीस ठाण्यातून, तहसील कचेरीतून किंवा दवाखान्यातून परतलेली माणसं वारंवार करतात, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. बोलताना त्यांनी ‘बांध कोरलेला दिसतोय’ असं सांगितलेलं असतं. कागदावर ‘बांध कोरताना पाहिले’ असं उतरलेलं असतं. सांगणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही आणि लिहिणाऱ्याला घाई असते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी उलटतपासणीत वकिलांनी ‘तुम्ही कुठे उभे होता? किती वाजले होते?’ असं विचारलं की खरं बोलणारा माणूसही खोटा ठरतो.

इंदापूर-बारामतीकडे आपण रोजच्या बोलण्यात अंदाज, भास, साम्य आणि ऐकीव गोष्ट यांसाठी वेगवेगळी रूपं वापरतो, आणि घरात, शेतात, पारावर ती बरोबरच वापरतो. घोळ होतो तो बोलणं कागदावर जाताना, किंवा आपली बोली न कळणाऱ्या माणसाशी बोलताना. म्हणून या लेखात कोणतं रूप कधी वापरावं, कुठे काय जोडावं, कोणत्या चुका टाळाव्यात आणि तुमचे हक्क कोणते, ते क्रमाने सांगितलं आहे. सूत्र एकच आहे: पाहिलेलं पाहिलं म्हणून, वाटलेलं वाटलं म्हणून आणि ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगा, आणि ते तसंच लिहिलं गेलं आहे ना, हे सही करण्याआधी बघा.

आधी पाच प्रकार वेगळे करा

पावसाचंच उदाहरण घ्या.

- स्वतः पाहिलेलं: ‘रात्री पाऊस पडला.’ काहीही न जोडता केलेलं विधान म्हणजे त्याची जबाबदारी तुम्ही घेतलीत. ऐकणारा तुम्हाला साक्षीदार समजतो.
- खुणेवरून काढलेला अंदाज: ‘रात्री पाऊस पडलेला दिसतोय.’ अंगण ओलं आहे, पन्हाळीतून थेंब पडताहेत. पाऊस मात्र तुम्ही पाहिलेला नाही.
- मनाला वाटलेलं: ‘पाऊस येणार वाटतं.’ ‘येईल असं वाटतंय.’ यामागे खूण असेल किंवा नसेलही.
- कशासारखं तरी जाणवलेलं: ‘पत्र्यावर थेंब वाजल्यासारखं झालं.’ जाणवलं हे खरं, पण ते नक्की काय होतं याची खात्री नाही.
- कानावर आलेलं: ‘भिगवणला चांगला पाऊस झाला म्हणे.’

‘असावा’ आणि ‘असेल’ हे अंदाजाचेच दोन प्रकार. ‘तो घरी असावा’ म्हणताना सहसा काही आधार असतो: दाराशी गाडी उभी आहे, आत दिवा लागलाय. ‘तो घरी असंल’ हा नुसता तर्कही असू शकतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधार असेल तर तो सांगून टाका.

आपल्याकडे ‘-वानी’ आणि ‘-गत’ भरपूर चालतं: ‘कुत्र्यावानी काहीतरी’, ‘झोपेत असल्यागत’. बोलताना ते जरूर वापरा, त्यात कमीपणा काहीच नाही. लिहून घेणारा बाहेरगावचा असेल तर ‘-सारखा’ असं लिहायला सांगा. ‘कुत्र्यावानी काहीतरी’चं ‘कुत्रा’ होऊ देऊ नका.

घोळ करणारी तीन रूपं

१. ‘दिसला’ आणि ‘दिसतोय’. ‘शेजारी मोटार नेताना दिसला’ हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘शेजाऱ्यानं मोटार नेलेली दिसतेय’ यात कोणीच काही पाहिलेलं नाही; विहिरीवर मोटार नाही, पाइप कापलेला आहे, त्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘दिसणे’च आहे, म्हणून लिहिताना गल्लत होते. तुम्ही ‘-लेला दिसतोय’ म्हणालात की लगेच ‘कशावरून’ ते सांगा: ‘पाइप कापलेला आहे, बांधावर चाकांचे ठसे आहेत, त्यावरून चोरी झालेली दिसते.’

२. ‘वाटलं’ आणि ‘वाटतं’. ‘मला वाटलं बिबट्या आहे’ असं म्हटलं की ऐकणारा समजतो, नंतर तो बिबट्या नसल्याचं कळलं. मराठीत ‘वाटलं’चा असा अर्थ सहज निघतो. तुमचं मत अजूनही तेच असेल तर स्पष्ट सांगा: ‘तेव्हा वाटलं आणि आजही तसंच वाटतं.’ मत बदललं असेल तर तेही सांगा आणि कशामुळे बदललं ते जोडा.

३. ‘म्हणे’. ऐकीव गोष्ट सांगायलाही आपण ‘म्हणे’ वापरतो आणि अविश्वास दाखवायलाही. बोलताना आवाजावरून फरक कळतो, कागदावर आवाज उमटत नाही. म्हणून अधिकाऱ्यासमोर नुसतं ‘म्हणे’ टाळा. ‘अमुक यांनी, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मला सांगितलं’ असं म्हणा. नाव आठवत नसेल तर ‘गावात तसं बोललं जातं, नक्की कोणी सांगितलं ते आठवत नाही’ हेही पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे.

पोलिसांकडे फिर्याद किंवा जबाब देताना

जाण्याआधी वहीच्या एका पानावर तीन मथळे करा: ‘मी पाहिलं’, ‘माझा अंदाज आणि आधार’, ‘मला सांगितलं गेलं’. प्रत्येक गोष्ट त्यातल्या एकाच मथळ्याखाली लिहा. दोन ठिकाणी बसतेय असं वाटलं तर तिचे दोन तुकडे करा. ‘रात्री तिघांनी येऊन मोटार नेली’ हे एक वाक्य फोडलं की असं होतं:

- पाहिलं: रात्री बांधावर तीन माणसांच्या आकृती दिसल्या.
- अंदाज: सकाळी मोटार जागेवर नव्हती, त्यावरून त्यांनीच नेली असावी.
- ऐकलं: पहाटे छोटा टेम्पो जाताना पाहिला, असं शेजारच्या वस्तीवरच्या एकाने सांगितलं.

त्यानंतर या गोष्टी सांगायला विसरू नका:

1. उजेड: चांदणं होतं की अंधार, बॅटरी कोणाच्या हातात होती, खांबावरचा दिवा चालू होता का.
2. अंतर: पावलांत, वाफ्यांत किंवा सऱ्यांत सांगितलं तरी चालेल. ठोकून मीटर सांगण्यापेक्षा ते बरं.
3. किती वेळ पाहिलं: क्षणभर, की दारं धरून उभे असताना बराच वेळ.
4. ओळख कशी पटली: चेहऱ्यावरून, आवाजावरून, चालण्यावरून की कपड्यांवरून. ‘तोंड दिसलं नाही, चालण्यावरून अमुक वाटला’ हे सांगायला घाबरू नका. अशा साक्षीला किती वजन द्यायचं ते न्यायालय ठरवेल. तुम्ही त्यात भर घालू नका आणि काढूनही घेऊ नका.

तुमचे हक्क. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा:

- दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद तुम्ही तोंडी दिलीत तर ती लिहून घेणं, तुम्हाला वाचून दाखवणं आणि मग तुमची सही घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रत विनामूल्य मिळते (कलम १७३).
- गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यावी लागते. घटना दौंडची आणि तुम्ही इंदापूरला असलात तरी ‘तिकडं जा’ हे उत्तर चालत नाही.
- फिर्याद घ्यायला नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. इंदापूर आणि बारामती पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
- फिर्याद आणि तपासातला जबाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिर्यादीवर सही लागते. तपास करताना पोलीस साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते (कलम १८१).
- महिलांना, १५ वर्षांखालील मुलांना, ६० वर्षांवरील व्यक्तींना, दिव्यांगांना आणि गंभीर आजाऱ्यांना साक्षीदार म्हणून पोलीस राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावू शकत नाहीत (कलम १७९). स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

पाहिलेलं आणि ऐकलेलं हा भेद न्यायालयातही चालतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे तोंडी पुरावा थेट असावा लागतो: पाहायची गोष्ट ज्याने पाहिली त्याने सांगायची, ऐकायची गोष्ट ज्याने ऐकली त्याने. म्हणून टेम्पो पाहणाऱ्या शेजाऱ्याची गोष्ट तुम्ही स्वतःच्या तोंडी घेऊ नका. त्याचं नाव सांगा. पोलीस त्याचा जबाब घेतील.

‘अंदाज चुकला तर माझ्यावरच खोटी तक्रार केल्याचा गुन्हा लागेल’ या भीतीने बरेच जण गप्प बसतात, किंवा उलट अंदाजच खात्रीने ठोकून देतात. खोटी माहिती दिल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम २१७) लागायला ती खोटी आहे हे देणाऱ्याला माहीत असावं लागतं, किंवा ती खोटी आहे असं त्याला वाटत असावं लागतं. ‘मला असं वाटतं, कारण असं असं आहे’ म्हणून सांगितलेला प्रामाणिक संशय या कलमात बसत नाही. खरा धोका न पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणण्यात आहे.

पंच म्हणून सही करताना

गावात पंचनामा व्हायचा असला की चार ओळखीच्या माणसांना बोलावतात आणि मोठ्या माणसाला नाही म्हणवत नाही, म्हणून सही होते. सही करण्याआधी एवढं पाळा:

- पंचनामा पूर्ण वाचा किंवा मोठ्याने वाचून घ्या. चष्मा घरी राहिला असेल तर तसं सांगा आणि थांबा.
- पंचनाम्यात फक्त दिसलेली स्थिती असावी: ‘कुलूप तुटलेले आहे, कपाट उघडे आहे.’ ‘चोरांनी कुलूप तोडले’ हा निष्कर्ष आहे. तसं होताना तुम्ही पाहिलेलं नाही.
- कोऱ्या कागदावर किंवा मधे जागा सोडलेल्या कागदावर सही करू नका.
- झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता कायद्याने आवश्यक आहे. ते चालू आहे का, हे पंचाने विचारलं तर त्यात काही गैर नाही.

बिबट्या, लांडगा की तरस: वनखात्याला कळवताना

उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीसारख्या माळरानांवर लांडगा आणि चिंकारा राहतात. अंधारात डोळे चमकले की सगळेच ‘बिबट्या’ म्हणतात. चुकीच्या नावामुळे पिंजरा चुकीच्या जागी लागतो, आणि माळावरच्या लांडग्यावर विनाकारण काठ्या पडतात.

नाव सांगण्याआधी रूप सांगा:

- आकार: गावठी कुत्र्याएवढा, की त्याहून लांब आणि बुटका.
- अंगावर: ठिपके, पट्टे की एकरंगी करडं. उजेड नसेल तर ‘रंग कळला नाही’ असं सांगा.
- शेपूट: लांब आणि खाली झुकून टोकाला वळलेली, की आखूड आणि झुबकेदार.
- चाल: दबकत, धावत, की मागचा भाग खाली ठेवून लंगडल्यासारखी. शेवटची चाल तरसाची असू शकते.
- ठसे: ओल्या सरीतला ठसा जवळून बघा. बोटांपुढे नखांची टोकं उमटलेली असतील तर तो कुत्रा, लांडगा किंवा तरस यांच्यापैकी एखादा असण्याची शक्यता जास्त. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळतं.

सांगण्याची पद्धत अशी ठेवा: ‘बिबट्या पाहिला नाही. शेळी ओढून नेल्याची खूण आहे, ठसे आहेत, त्यावरून बिबट्या येऊन गेलेला दिसतो.’ वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. जनावर मारलं गेलं असेल तर भरपाईसाठी ४८ तासांच्या आत जवळच्या वन कार्यालयाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नका. ते हलवलं की शिकार कोणी केली हे ठरवणारी खूणच नाहीशी होते.

शेतातलं नुकसान आणि रोग सांगताना

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. म्हणून ‘सगळं गेलं’ किंवा ‘बरंच गेल्यासारखं दिसतंय’ यांचा पंचनाम्याला उपयोग होत नाही. तलाठी आणि कृषी सहायक यायच्या आधी हे करा:

1. गट क्रमांकानुसार किती क्षेत्रात कोणतं पीक आहे ते लिहून ठेवा. सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदलेला आहे का, ते बघा.
2. शेताच्या तीन-चार वेगवेगळ्या भागांत ठरावीक लांबीची सरी घ्या. तिथली एकूण झाडं आणि त्यांतली लोळलेली, मोडलेली किंवा कुजलेली झाडं मोजा.
3. ‘मोजून एवढं, नजरेने एवढं’ असे दोन्ही आकडे वेगळे सांगा. पाणी उतरल्यावर पुन्हा बघणार असाल तर ‘आज दिसतंय ते एवढं’ असं म्हणा.

रोगाबद्दल सल्ला घेतानाही नाव आधी आणि लक्षण नंतर, अशी उलटी वाट धरू नका. दुकानात जाऊन ‘तेल्या आलाय, औषध द्या’ म्हटलं की तेल्याचंच औषध मिळतं. ‘डाळिंबाच्या पानावर आणि फळावर पाणी भिजल्यासारखे तेलकट डाग दिसतात, फळ डागाच्या जागी तडकलंय’ असं सांगितलं तर समोरच्याला तपासता येतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कारखान्याच्या ऊस विकास विभागात जाताना रोगट पानाबरोबर एक निरोगी पानही न्या.

उसाच्या पिवळेपणाचं एक उदाहरण जवळून बघा. ‘ऊस पिवळा पडल्यासारखा वाटतोय’ एवढं पुरत नाही. कोणती पानं पिवळी, ते सांगा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता असते. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच राहिलेल्या असतील तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण, ज्याला आपण ‘केवडा पडला’ म्हणतो. चुनखडीच्या जमिनीत तो नेहमी दिसतो. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. नुसत्या ‘पिवळा’ शब्दावर युरियाची गोणी ओतली की पैसे जातात आणि केवडा तसाच राहतो.

दवाखान्यात सांगताना

इथे ‘-सारखं वाटतंय’ हे रूप सर्वांत महत्त्वाचं. शरीराच्या आतलं तुमच्याशिवाय कोणालाच कळत नाही, म्हणून ते संकोच न करता वापरा. फक्त एकेका शब्दात दोन-तीन त्रास कोंबू नका:

- ‘चक्कर’: आजूबाजूचं फिरल्यासारखं वाटतं (गरगरतं), की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात.
- ‘छातीत दुखतंय’: टोचल्यासारखं, जळजळल्यासारखं, की कोणी वर बसल्यासारखं दडपतंय? दडपल्यासारखं वाटून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ‘गॅस असंल’ हा घरगुती अंदाज बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.
- ‘मुंग्या’: मुंग्या आल्यासारखं, बधिर झाल्यासारखं, की हात उचलतच नाही? शेवटची गोष्ट ताकदीची आहे, जाणिवेची नाही.
- ‘ताप’: मोजला की अंगाला हात लावून वाटला? मोजला नसेल तर ‘कणकण वाटतेय, मोजला नाही’ असं सांगा.

लकवा आल्यासारखा वाटला तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: ‘कधी झालं?’ घरचे ‘पहाटे झालं वाटतं’ असं सांगून मोकळे होतात. खरं उत्तर असं हवं: ‘रात्री दहाला नीट बोलले, हे मी पाहिलं. पहाटे पाचला उठले तेव्हा तोंड वाकडं दिसलं. मधलं माहीत नाही.’ मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास रुग्ण शेवटचा नीट दिसला त्या वेळेपासून मोजतात. तुमच्या एका ‘वाटतं’वर औषध द्यायचं की नाही हे ठरू शकतं.

साप चावल्यास ‘नाग होता’ असं ठासून सांगण्यासाठी सापाच्या मागे धावू नका. भारतात दिलं जाणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालतं. दिसलं असेल तेवढंच सांगा: ‘काळा, अंगावर पांढरे पट्टे असल्यासारखा वाटला’ किंवा ‘दिसलाच नाही, गवतात सळसळलं आणि टोचल्यासारखं झालं.’ मण्यारीच्या दंशाची खूण आणि सूज कधी कधी दिसतही नाही. म्हणून ‘चावल्यासारखं वाटलं, पण खूण नाही’ असं असलं तरी दवाखाना गाठा. पापण्या जड झाल्यासारख्या वाटणं, गिळताना अडकल्यासारखं होणं, बोबडं येणं यांतलं काही सुरू झालं तर त्याची वेळ लक्षात ठेवा आणि ती डॉक्टरांना सांगा.

‘म्हणे’ पुढे पाठवण्याआधी

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीण भागातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन फिरताना दिसल्याची चर्चा होती. बारामती, इंदापूर, दौंड हे तालुके त्यात होते. ‘आकाशात हलणारा दिवा दिसला’ हे पाहिलेलं होतं. ‘ड्रोन असावा’ हा अंदाज होता. ‘चोर घरं हेरताहेत म्हणे’ ही ऐकीव भर होती. मोबाइलवरच्या गटावर पाठवताना तिन्हींचं एक वाक्य झालं आणि माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली.

अशा वाक्याने काय होऊ शकतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. उसाच्या हंगामात आपल्याकडेही परजिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, भटक्यांची पालं पडतात. अनोळखी माणूस दिसणं ही पाहिलेली गोष्ट आहे. तो कशासाठी आला, हा नुसता अंदाज आहे.

संदेश पुढे पाठवण्याआधी स्वतःला हे विचारा:

- हे मी पाहिलं का? नसेल तर कोणी पाहिलं, आणि त्याच्याशी मी बोललो किंवा बोलले का?
- फोटो आपल्याच गावचा आणि आजचाच आहे, हे मला कशावरून कळलं?
- हे खरं असेल तर आधी कोणाला कळवायला हवं? गटाला की पोलिसांना? तातडीचा क्रमांक ११२ आहे.

लोकांत घबराट पसरवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी नुसतं पुढं पाठवलं’ म्हणून सुटका होईल, असं धरून चालू नका.

घरात आणि सोयरिकीत

रोजच्या संबंधांत मोजमापापेक्षा मन राखणं महत्त्वाचं. ‘तुम्ही आजारी दिसताय’ ऐकून माणूस खचतो. ‘जरा दमल्यासारखे वाटताय, बसा थोडं’ यात काळजी पोचते आणि निदानही होत नाही. वडीलधाऱ्यांची चूक दाखवताना ‘आबा, हिशेबात काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय’ हे ‘तुम्ही चुकलात’ यापेक्षा चांगलं.

स्थळ बघायला जाऊन आल्यावर मात्र सौम्यपणाबरोबर नेमकेपणाही ठेवा, कारण तुमच्या शब्दावर कोणाचं तरी आयुष्य ठरणार आहे. ‘घर चांगलं आहे’ म्हणण्याऐवजी असं सांगा: ‘घर नीटनेटकं दिसलं. मुलगा मोकळा वाटला. जमीन पाच एकर आहे असं ते म्हणाले, सातबारा आम्ही पाहिला नाही.’ मुलीला किंवा मुलाला पुढे काय विचारायचं, ते मग त्यांना कळतं.

कागदावर चुकीचं आलंच तर

- सहीआधी लक्षात आलं तर: ‘हे वाक्य मी असं सांगितलं नव्हतं, दुरुस्त करा’ असं शांतपणे म्हणा. खाडाखोड झाली तर तिथे तुमची आणि लिहिणाऱ्याची अशा दोघांच्या छोट्या सह्या होऊ द्या.
- सहीनंतर लक्षात आलं तर: उशीर न करता त्याच कार्यालयाला लेखी अर्ज द्या: ‘अमुक तारखेच्या फिर्यादीत अमुक वाक्य असे आले आहे, माझे म्हणणे असे होते.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मूळ फिर्याद बदलता येत नाही, पण पुरवणी जबाब देता येतो.
- बांधाचा वाद असेल तर: ‘कोरलेला दिसतोय’ यावर भांडण वाढवण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. मोजणी झाली की दोघांच्याही ‘वाटण्या’चा प्रश्न उरत नाही.
- सल्ला हवा असेल तर: न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतं.

ही सहा वाक्यं तयार ठेवा

1. ‘हे मी स्वतः पाहिलं, एवढ्या अंतरावरून, एवढ्या उजेडात.’
2. ‘हे पाहिलं नाही, या खुणांवरून तसं दिसतं.’
3. ‘अमुकसारखं वाटलं, खात्री नाही.’
4. ‘हे मला अमुक यांनी सांगितलं.’
5. ‘हे मला माहीत नाही.’
6. ‘लिहिलेलं एकदा वाचून दाखवा.’

यांतलं पाचवं वाक्य उच्चारायला सर्वांत जड जातं, कारण साहेबांसमोर ‘माहीत नाही’ म्हणणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. ते जरूर म्हणा. जो माणूस न पाहिलेलं ‘पाहिलं नाही’ असं सांगतो, त्याच्या ‘मी पाहिलं’ या शब्दावर तलाठी, डॉक्टर आणि न्यायाधीश सगळेच विश्वास ठेवतात.